गोळीची वेळ आणि गोधडीचा तुकडा : एचआयव्ही व व्यसनासह जगणे कलेतून कसे उमगते?

दरवर्षी १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, जवळ आला, की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांत रांगोळीच्या आणि भित्तिपत्रकांच्या स्पर्धा भरतात. लाल फीत, तिच्यामागे कवटी, बाजूला एक सुई आणि खाली ‘सावधान’ हा शब्द, असे चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की सगळ्यांनी एकाच वहीवरून उतरवले असावे अशी शंका येते. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या सिव्हिलमधील एआरटी केंद्राबाहेर, म्हणजे जिथे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, मात्र वेगळेच दृश्य असते. चोपड्याहून किंवा साक्रीहून पहाटेची एसटी धरून आलेली माणसे बाकावर बसलेली असतात, मांडीवरच्या पिशवीत भाकरी असते आणि औषध हातात पडले की दुपारपर्यंत कापूस वेचायला परत पोहोचण्याची घाई असते.

ही दोन चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. पहिल्यात आजार म्हणजे शेवट आहे, दुसऱ्यात तो मंगळवारच्या कामांपैकी एक काम आहे. मग रांगोळीने, पथनाट्याने, चित्राने या विषयाची समज वाढते असे जे म्हटले जाते, ते खरे की केवळ कार्यक्रमपत्रिकेत शोभणारे वाक्य? माझे मत असे, की ते खरे आहे. पण आपण ज्याला जनजागृतीची कला म्हणतो तिच्याबाबत ते फारच थोडे खरे आहे. त्याचे कारण समजून घेण्यासाठी आधी आजाराकडे वळावे लागेल.

एचआयव्ही शरीरात नेमके काय करतो?

केळीच्या बागेला रात्री राखणदार लागतो. चोर आला तर तो आरडाओरडा करतो, गाव जागे करतो. आता असा चोर कल्पावा, जो केळीचे घड चोरत नाही. तो सरळ राखणदाराच्या झोपडीत शिरतो आणि तिथूनच आपल्यासारखे आणखी चोर तयार करतो. एचआयव्ही हा विषाणू असेच करतो. शरीराची राखण करणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी आहेत, त्यांपैकी सीडी-४ नावाच्या पेशींत तो शिरतो आणि त्यांच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढतो. रुग्णाच्या कागदांवर ‘सीडी-४’ म्हणून जो आकडा असतो तो उरलेल्या राखणदारांची मोजदाद असते आणि ‘व्हायरल लोड’ हा चोरांचा हिशेब असतो. राखणदार फारच कमी झाले आणि क्षयासारखे आजार सहज घुसू लागले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. उपचार न घेतल्यास तिथवर पोहोचायला साधारणपणे आठ-दहा वर्षे लागतात. म्हणजेच एचआयव्ही असणे आणि एड्स होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य गेली कित्येक वर्षे सांगूनही पुन्हा सांगावे लागते.

एआरटी म्हणजे या विषाणूला प्रती काढू न देणारी औषधे. भारतात ती सरकारी रुग्णालयांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. आधी सीडी-४ ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून निदान झाले की लगेच औषध सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते, तिच्यात तीन औषधे एकत्र असतात. ही गोळी चोरांना हाकलत नाही. ती त्यांना खळ्यातल्या कोठीत कोंडून वर कुलूप लावते. गोळी थांबली, की कुलूप निघाले. म्हणून ती रोज, ठरल्या वेळी आणि आयुष्यभर घ्यायची असते.

गोळी नियमित घेतली, की रक्तातला विषाणू इतका घटतो की चाचणीत सापडत नाही. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एकाला एचआयव्ही असलेल्या आणि दुसऱ्याला नसलेल्या शेकडो जोडप्यांची पाहणी झाली. २०१६ आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. औषधाने विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण एकही आढळली नाही. ही बातमी आपल्या गावांत पोहोचली असती, तर कित्येक घरांतील वेगळी ठेवलेली ताट-वाटी कधीच मांडणीवर परत गेली असती. अर्थात ताट-वाटीतून तर एचआयव्ही आधीही पसरत नव्हता.

आणि व्यसन?

ठिबकने वाढवलेली बाग आपल्याला ठाऊक आहे. थेंब-थेंब पाणी, तेही मुळाशी. मेंदूतही सुखाची जाणीव साधारण अशाच थेंबांनी होते. भुकेल्या वेळी भाकरी मिळाली, मूल हसले, पाऊस वेळेवर आला, की डोपामाइन नावाचे रसायन थोडे-थोडे पाझरते आणि ‘हे चांगले आहे, पुन्हा कर’ अशी खूण मेंदूत उमटते. दारू, गांजा, ब्राऊन शुगर किंवा झोपेच्या गोळ्यांचा गैरवापर यांत काय होते, तर थेंबांच्या जागी एकदम पाट फुटतो. असे वारंवार झाले, की मेंदू स्वतःचा बचाव म्हणून जमीन घट्ट करून घेतो. मग पूर्वीचे थेंब जाणवेनासे होतात, पाटाचे पाणीही पुरेनासे होते आणि पाट बंद केला तर जमीन भेगाळते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे, भास होणे ही त्या भेगांची लक्षणे आहेत.

म्हणूनच वैद्यकशास्त्र व्यसनाला आजार म्हणते. हा आजार मधुमेहासारखा दीर्घकाळ चालतो, उपचाराने आटोक्यात राहतो आणि मध्येच उलटूही शकतो. व्यसनमुक्तीच्या जगात या उलटण्याला ‘स्लिप’ म्हणतात. नातेवाईक मात्र तिला विश्वासघात म्हणतात आणि पुढचे सगळे भांडण या दोन शब्दांमधल्या अंतरात होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांत मोहाच्या दारूचे थेंब देवाला, पूर्वजांना वाहिले जातात आणि सणाला ती घेतलीही जाते. त्या रीतीला सरसकट व्यसन म्हणणे चुकीचे आहे. रोजची मजुरी देशीच्या दुकानात संपवणारा माणूस आणि सणाला पळसाच्या द्रोणातून चार घोट घेणारा म्हातारा एकाच रांगेत उभे करणारी चित्रे आपल्याकडे पुष्कळ निघतात. ती रेखाटणाऱ्याला दोघांपैकी एकाचीही माहिती नसते.

दोन्हींची गाठ कुठे पडते?

सर्वांत थेट गाठ सुईची आहे. नशेचे इंजेक्शन एकाच सुईने अनेकांनी घेतले, तर विषाणू एका रक्तातून दुसऱ्यात सरळ जातो. मणिपूर, पंजाब अशा राज्यांत हा मोठा प्रश्न आहे. खान्देशात नशा मुख्यतः दारूची. ती विषाणू वाहून नेत नाही, पण निरोधची आठवण पुसते, रात्रीच्या गोळीची वेळ चुकवते आणि यकृतावर औषधांबरोबर दुहेरी भार टाकते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, भुसावळ हे मोठे जंक्शन आहे आणि नंदुरबारच्या डोंगरातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला व गुजरातेत कामाला जातात. घर सोडून महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्या माणसाला दारू आणि धोका एकाच ठिकाणी भेटतात.

पण खोलवरची गाठ वेगळी आहे. या दोन्ही आजारांत समाज पहिला प्रश्न ‘आता कसे आहे?’ असा विचारत नाही. तो ‘कसे झाले?’ असे विचारतो. हृदयविकाराच्या माणसाला भेटायला जाणारे गाव एचआयव्हीच्या माणसाबद्दल ओट्यावर हळू आवाजात बोलते, ‘त्याले ती बिमारी शे.’ आजाराचे नावसुद्धा घेतले जात नाही.

माहिती इतकी दिली, तरी समज का येत नाही?

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको १९९२ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून फलक, रेडिओ, कलापथके, अगदी २००७ च्या जागतिक एड्स दिनी दिल्लीहून निघालेली रेड रिबन एक्स्प्रेस ही प्रदर्शनाची रेल्वेगाडीसुद्धा आपण पाहिली. लागण चार मार्गांनी होते, असुरक्षित संबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला, हे आज दहावीचा विद्यार्थीही घडाघडा सांगतो. या मोहिमांनी जीव वाचवले यात शंका नाही.

तरीही त्या सर्व माहितीचा रोख एकच होता : तुम्हाला हे होऊ नये म्हणून काय करावे. ज्याला झाले आहे तो माणूस त्या वाक्यात कुठेच नाही. असलाच तर ज्याच्यापासून वाचायचे असा धोका म्हणून आहे. ऑस्ट्रेलियात १९८७ मध्ये दूरचित्रवाणीवर एक जाहिरात लागली होती. तिच्यात काळ्या कफनीतला यमदूत बोलिंगचा चेंडू टाकून पिनांच्या जागी उभ्या असलेल्या बायका-मुलांना पाडत असे. देश खडबडून जागा झाला हे खरे, पण पुढे तिच्यावर मोठी टीका झाली, कारण अनेकांच्या मनात यमदूत आणि रुग्ण यांची सरमिसळ झाली. आपल्या रांगोळीतली कवटी त्याच यमदूताची भाची म्हणायला हरकत नाही.

‘सह जगणे’ ही काळाची बाब आहे. आजची गोळी, उद्याची गोळी. आज प्यायलो नाही, उद्याचे उद्या. घोषवाक्य एका क्षणात वाचून संपते, त्यामुळे त्यात हा काळ मावत नाही. चांगली कलाकृती मात्र पाहणाऱ्याला थांबवून घेते आणि दुसऱ्याचा वेळ त्याच्या अंगावर घालते. हे कसे घडते, ते काही उदाहरणांवरून पाहू.

गोधडी

जुनी लुगडी, धोतरे, पोराचा फाटका सदरा यांची थरांवर थर घालून शिवलेली गोधडी आपल्याकडे प्रत्येक घरात होती. कुणाचा कोणता तुकडा ते शिवणारीला माहीत असते, आजी गेल्यावरही तिच्या नऊवारीचा काठ पांघरुणात राहतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात एड्सने माणसे मरू लागली, तेव्हा अंत्यविधी करणाऱ्या अनेक संस्थांनी त्यांचे मृतदेह हाताळण्यास नकार दिला आणि काही कुटुंबांनी मृत्यूचे कारण लपवले. सॅन फ्रान्सिस्कोमधील क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला १९८५ मध्ये कल्पना सुचली, की प्रत्येक मृत व्यक्तीसाठी कापडाचा एक तुकडा शिवावा आणि सगळे तुकडे जोडून एक महाप्रचंड गोधडी करावी. तुकड्याचे माप ठरले ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढे. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली, तेव्हा १,९२० तुकडे होते. आज ते ५० हजारांच्या आसपास आहेत.

हे आकडेवारीपेक्षा वेगळे काय सांगते? एका तुकड्यावर मित्राची जीन्स शिवलेली असते, दुसऱ्यावर बाहुली, तिसऱ्यावर फक्त नाव. पाहणारा तुकड्यांच्या मधल्या पट्टीवरून चालत जातो. पहिल्या दहा तुकड्यांपर्यंत तो वाचतो, नंतर पाय दुखतात, तरी तुकडे संपत नाहीत. ‘हजारो मेले’ हे वाक्य एका सेकंदात वाचून होते. हजारो तुकड्यांच्या कडेने चालायला मात्र आख्खी दुपार लागते. शिवायला लागलेला वेळ तर त्याहून कितीतरी मोठा, कारण टाका घालणारा आई, भाऊ किंवा जोडीदार त्या मृत माणसासोबत तेवढे तास बसलेला असतो.

एकोणऐंशी किलो गोड गोळ्या

दुसरे उदाहरण पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते, म्हणून ते सविस्तर सांगतो. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलावंताने १९९१ मध्ये एका खोलीच्या कोपऱ्यात रंगीत कागदांत गुंडाळलेल्या लिमलेटसारख्या गोळ्यांचा ढीग घातला. वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. पाहणाऱ्याने त्यातली एक गोळी उचलून खाल्ली तरी चालते. कृतीच्या शीर्षकात रॉस हे नाव आहे. रॉस हा त्याचा जोडीदार, तो त्याच वर्षी एड्सने गेला. ढिगाचे वजन हे रॉसच्या निरोगी शरीराचे वजन, असा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो.

आता उभे राहून विचार करावा. लोक एकेक गोळी नेतात आणि ढीग कमी होत जातो, जसा तो माणूस आजारात झिजत गेला. ही झीज घडवण्यात आपलाही हात आहे. पण त्याच वेळी आपण त्या ‘शरीरा’चा एक तुकडा प्रसादासारखा तोंडात घातलेला असतो आणि तो गोड लागतो. ज्या आजाऱ्याच्या कपाला लोक हात लावत नव्हते, त्याच्या नावाची वस्तू आपण जिभेवर ठेवतो. स्पर्शाने लागण होत नाही हे भिंतीवर वाचणे आणि ही गोळी चघळणे यांत जो फरक आहे, त्याला मी समज म्हणतो. पुढे संग्रहालय ढीग पुन्हा भरू शकते, म्हणजे तो माणूस पुन्हा उभा राहतो. रोज औषध घेऊन पुन्हा वजन भरलेली माणसे आपल्या एआरटी केंद्राच्या बाकावर बसलेली असतात. फेलिक्सला मात्र तो काळ लाभला नाही, तो १९९६ च्या जानेवारीत एड्सनेच गेला आणि प्रभावी मिश्र औषधोपचार त्याच सुमारास हाती येऊ लागले होते.

देहाचा नकाशा

तिसरे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे, कारण ते कलावंतांनी नव्हे, रुग्ण स्त्रियांनी घडवले. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत २००२ च्या सुमारास, तिथे एआरटी नुकतीच मिळू लागली असताना, एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी मोठ्या कागदावर स्वतः आडवे होऊन आपल्या देहाची बाह्यरेषा काढून घेतली. तिच्या मागे सोबतिणीची, म्हणजे आधार देणाऱ्या व्यक्तीची, बाह्यरेषा सावलीसारखी काढली. मग आत रंग भरले : विषाणू कुठे वाटतो, जुना व्रण कुठे आहे, बळ कुठून येते, बाळ कुठे वाढले. त्याला ‘बॉडी मॅप’ म्हणतात.

डॉक्टरांच्या कागदावर या बाईचे दोन आकडे असतात. तिच्या नकाशावर मात्र नवरा गेला ते वर्ष असते, शेजारणीने दार बंद केल्याची खूण असते आणि मुलीच्या हाताचा ठसाही असतो. विषाणू कुणी लाल ठिपक्यांनी दाखवतो, कुणी निळ्या. आपल्याला वाटते तसा तो सगळ्यांना काळा दिसत नाही. आणि मागची ती दुसरी बाह्यरेषा पाहिली, की लक्षात येते, आजारी माणसाचे चित्र काढताना आपण आधार देणाऱ्याला नेहमी चौकटीबाहेर ठेवतो.

व्यसनाच्या बाजूला काय आहे?

न्यूयॉर्कचा चित्रकार कीथ हेरिंग याने १९८६ मध्ये हार्लेममधील एका खेळाच्या मैदानाच्या भिंतीवर, परवानगी न घेता, क्रॅक या नशेविरुद्ध भडक नारिंगी चित्र रंगवले. त्याचा एक तरुण सहायक त्या नशेत अडकला होता आणि त्याला मदत मिळवून देताना हेरिंग हतबल झाला होता. पोलिसांनी त्याला पकडले, पुढे ते चित्र रीतसर पुन्हा रंगवले गेले आणि आजही ते आहे. हेरिंग स्वतः १९९० मध्ये ३१ व्या वर्षी एड्सने गेला. मला हे चित्र आवडते, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर ते आपल्या रांगोळीच्याच कुळातले आहे, म्हणजे मोठ्याने मारलेली हाक. फरक एवढाच, की हाक मारणाऱ्याला आत अडकलेल्याचे नाव माहीत होते.

अधिक खोल काम छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांचे. त्यांनी आपल्या मित्रांचे फोटो घराच्या आतून काढले, बिछान्यात, न्हाणीत, आजारपणात. त्या स्वतः व्यसनातून गेल्या, त्यांचे अनेक मित्र एड्सने गेले आणि १९८९ मध्ये त्यांनी या आजारावर अशा कलावंतांचे प्रदर्शन भरवले, ज्यांच्यातले काही उद्घाटनापर्यंत जगलेही नव्हते. पुढे शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे त्यांना पुन्हा व्यसन लागले. त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी २०१७ मध्ये त्या गोळ्या विकून श्रीमंत झालेल्या घराण्याविरुद्ध आंदोलन उभारले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरूनही व्यसन लागू शकते, हे त्यामुळे अनेकांना पहिल्यांदा कळले.

आपल्याकडे यासाठी फार लांब जावे लागत नाही. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अवचट स्वतः बासरी वाजवत, लाकूड कोरत, कागदाची ओरिगामी करत. कागद दुमडत बसण्याचा आणि दारूचा काय संबंध, असे वाटेल. पण वर सांगितलेली घट्ट झालेली जमीन आठवावी. तिला पुन्हा थेंब जाणवायला हवे असतात आणि बोटांखाली कागदाचा पक्षी आकाराला येणे हा असाच एक थेंब आहे. शिवाय ज्या हातांना ग्लास धरायची सवय होती त्यांना संध्याकाळी सातचे काय करायचे हा अगदी व्यावहारिक प्रश्न असतो.

आक्षेप : हे सगळे परदेशातले आहे

काही अंशी खरे आहे, पण खान्देशाला कला शिकवायला कुणी यायची गरज नाही. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या १६ व्या लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ओळखले जाणारे पाचव्या शतकातले चित्र आहे. पती नंद भिक्षू झाल्याचे कळल्यावर कोसळलेली सुंदरी त्यात दाखवली आहे, असे अभ्यासक मानतात. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले. पण चित्रकाराने तिच्याइतकेच लक्ष भोवतीच्या दासींवर दिले आहे. एकीने तिला मागून सावरले आहे, बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर काळजी आहे. तिच्या दुःखाचे कारण ठाऊक नसले, तरी ते पाहणाऱ्याला भिडते. केपटाउनच्या नकाशातली मागची बाह्यरेषा आणि ही सावरणारी दासी यांचे नाते मला फार जवळचे वाटते.

जात्यावरची ओवी ही तर आपली सर्वांत जुनी गोपनीय समुपदेशन सेवा होती. पहाटे दळताना बाई सासुरवास, माहेरची आठवण, नवऱ्याचे पिणे हे सगळे गाऊन टाकी. समोरासमोर सासूला जे बोलता येत नसे ते जात्याला सांगता येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जाते गेले, गिरणी आली आणि ती जागा रिकामी झाली, तिथे दुसरे काही आपण ठेवले नाही. वहीगायन, तमाशा, कलापथक यांना आपण मोहिमेच्या वेळी बोलावतो खरे, पण त्यांच्या हाती छापील संवाद देतो. एआरटी केंद्रातल्या बाईला स्वतःची ओवी विचारली, तर ती कदाचित छापील संवादात नसलेले काही सांगेल.

आक्षेप : कलेने आजार बरा होतो का?

नाही. गोळीचे काम गोळीच करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेऊन कला आरोग्याला हातभार लावते असे म्हटले. न्यूझीलंडमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ३७ एचआयव्ही रुग्णांच्या एका प्रयोगात, मनातले लिहून काढणाऱ्यांच्या सीडी-४ मध्ये सुधारणा दिसली. पण ३७ माणसांच्या प्रयोगावरून औषध टाकून कविता लिहायला बसणे म्हणजे ठिबकच्या नळ्या काढून पावसाची वाट पाहण्यासारखे आहे. कलेचा उपयोग गोळीच्या भोवती आहे. लपवायची गरज उरली नाही, की गोळी पिठाच्या डब्यात ठेवावी लागत नाही आणि पाहुणे आले म्हणून चुकत नाही.

आक्षेप : नशा दाखवली तर आकर्षण वाढेल, आणि बदनामी होईल ती वेगळीच

यातला पहिला भाग गंभीर आहे. बाटली, सुई, धूर यांचे नुसते चित्र पाहूनही व्यसनातून बाहेर पडलेल्याच्या मेंदूत ओढ जागी होऊ शकते. म्हणून बाटलीचे चित्र जितके चांगले, तितके ते घातक. पथनाट्यात झिंगलेल्या माणसाची नक्कल करून हशा मिळवण्याची आपली जुनी सवय इथे दुहेरी नुकसान करते : बघ्यांना मजा वाटते आणि मागच्या रांगेत बसलेल्या त्याच्या मुलाला लाज वाटते. कलाकाराने बाटलीऐवजी रात्री अकराला दाराकडे लागलेले कान दाखवावेत; त्यात कुणालाही मोह पडण्यासारखे काही नाही.

बदनामीच्या बाबतीत कायदाच स्पष्ट आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करणे, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करणे आणि त्यावरून नोकरी, शिक्षण, उपचार नाकारणे याला तो मनाई करतो. त्यामुळे व्यासपीठावर रुग्णाला उभे करून ‘आपबीती’ सांगायला लावणाऱ्या आयोजकांनी आधी त्याची खरी संमती घेतली आहे का, हे विचारले पाहिजे. लहान गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. वस्तीचे नाव आणि नवऱ्याचा धंदा सांगितला, की झाले. देहाचा नकाशा, गोधडीचा तुकडा, ओवी यांचा मोठा गुण असा, की त्यांत चेहरा नसतो आणि तरी माणूस असतो.

मग १ डिसेंबरला काय करावे?

रांगोळी बंद करा असे मी म्हणणार नाही, मुलांचा उत्साह मोडू नये. मुळात ती लाल फीतसुद्धा कलावंतांनीच दिली आहे, न्यूयॉर्कमधील काही कलावंतांनी ती १९९१ मध्ये तयार केली आणि कुणाची मालकी राहू नये म्हणून तिच्यावर नाव घातले नाही. फक्त स्पर्धेचा विषय ‘एड्स : एक भयानक रोग’ असा देऊ नये. ‘रात्री नऊची गोळी’ असा द्यावा. मुले आधी गोंधळतील, मग विचारतील, की रात्री नऊला घरात काय चालू असते. कुणी जेवत असते, कुणी मालिका पाहत असते, मोटार लावायला कुणी शेतात निघालेले असते, कारण वीज रात्रीची असते. त्या सगळ्यांत एक जण उठून पाण्याचा तांब्या घेतो. रांगोळीत एवढे काढायचे आहे. एचआयव्हीबाबत शंका असल्यास १०९७ आणि व्यसनाबाबत १४४४६ हे मोफत क्रमांक त्याच रांगोळीच्या कडेला, कवटीच्या जागेवर, सहज मावतील.